लाल तारेची जागा

सहा वर्षांपूर्वी मला एक पत्र आलं होतं. मी त्याला उत्तर दिलं नाही.

वहीची दोन पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. लिहिणारी बाई मला कधी भेटलेली नव्हती. तिच्या वडिलांनी फार वर्षांपूर्वी आमच्या घरी पाणी तापवायचा गीझर बसवला होता, एवढीच तिने ओळख दिली होती, आणि मला ती पुरली.

"बाबांचा उजवा हात तेव्हापासून निकामी आहे," तिने लिहिलं होतं. "डाव्या हाताने कागदावर त्या गीझरची जोडणी काढत बसतात. लाल इथे, काळी इथे, हिरवी इथे. बरोबर काढतात. मग म्हणतात, कागदावर बरोबर येतं, पण त्या दिवशी मी उलटीच लावली असणार. त्या घरातला धाकटा भाऊ वाचणारा माणूस, तो खोटं कशाला बोलेल? काका, तुम्ही त्या दिवशी घरी होतात. तारांना दुसऱ्या कोणी हात लावला होता का? एवढंच कळवा. कोणाचं काही वाकडं करायचं नाही. बाबांना एकदा कळलं म्हणजे झालं."

पत्रात ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका होत्या. त्या मी पेन्सिलीने दुरुस्त केल्या आणि पत्र एका जाड पुस्तकात घालून ठेवलं.

मी आयुष्यभर एका छापखान्यात मुद्रितं तपासली. पहिल्याच आठवड्यात तिथल्या मुख्य तपासनिसांनी मला सांगितलं होतं, "चूक दिसली की आरडाओरडा करायचा नाही. लेखकाला विचारायला गेलास तर तो तासभर वाद घालेल. गुपचूप दुरुस्त कर. त्याला कळतसुद्धा नाही." मला हे फार मानवलं. दोन माणसांसमोर तोंड उघडायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटायची. न बोलता बरोबर राहता येतं, हे कळल्यावर मला हायसं वाटलं. ही सवय पुढे कुठे जाऊन पोचेल, ते तेव्हा कळायला मार्ग नव्हता.

मी दादा आणि वहिनींकडे राहायचो. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. लोखंडाच्या कारखान्यात फोरमन. रुंद मनगटं, बसका आवाज. त्याला राग आला की आधी त्याचे कान लाल व्हायचे, आणि मग जे हाताला लागेल ते उडायचं. लहानपणी मी त्याच्या हातचा इतका मार खाल्ला होता की मोठेपणी त्याने नुसती खुर्ची मागे सरकवली तरी माझी मान आत जायची. वहिनींची मान आत जात नसे. त्या मार अंगावर घेत आणि पडलेली वस्तू उचलून जागेवर ठेवत.

मारून झालं की दादाला पश्चात्ताप व्हायचा, आणि पश्चात्ताप झाला की तो घरात काहीतरी आणायचा. छताचा पंखा, शिलाईचं मशीन, रेडिओ, सगळ्यांच्या मागे वहिनींच्या अंगावरची एकेक खूण होती. गीझरसुद्धा तसाच आला. एका सकाळी त्याला अंघोळीचं पाणी जास्त कढत लागलं, म्हणून त्याने भरलेला तांब्या दारात उभ्या असलेल्या वहिनींवर फेकला. मानेपासून खांद्यापर्यंत कातडी सोलून निघाली. त्या ओरडल्याही नाहीत. खाली बसून तांब्या उचलला, तेवढ्यात दादाने लाथेने तो त्यांच्या हातातून उडवला. चौथ्या दिवशी हातगाडीवरून खोकं आलं. आत पांढरी शुभ्र टाकी.

"आता तापव म्हणावं किती तापवायचंय ते," दादा म्हणाला. ही त्याची माफी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वायरमन आला. आमच्या भागात त्याला सगळे 'टेस्टर' म्हणत, कारण तो टेस्टर खिशात न ठेवता कानावर ठेवायचा, पेन्सिलीसारखा. किडकिडीत, सतत बोलणारा, स्वतःच्या विनोदावर आधी स्वतः हसणारा. दादा कामावर गेला होता. छापखान्याचं यंत्र बंद पडल्यामुळे मला सुट्टी होती. न्हाणीघराच्या दारात उभा राहून मी त्याचं काम बघत होतो. त्याने भिंतीला चार भोकं पाडली, विटेचा लाल भुगा फरशीवर पडला, बोल्ट ठोकले, टाकी टांगली. प्लॅस्टिकचे दोन पाइप जोडले, एक थंड पाण्याचा आत जाणारा, एक गरम पाण्याचा बाहेर येणारा, आणि बाहेर येणाऱ्याच्या तोंडाशी पितळी नळ. मग टाकीचं खालचं झाकण उघडून भिंतीतल्या तीन तारा त्याने आत घेतल्या.

"लाल कुठे लावता?" मी विचारलं. सकाळपासून माझं हे पहिलं वाक्य.

"सासरी," तो म्हणाला आणि खो खो हसला. "अहो भाऊ, लाल म्हणजे जिवंत तार. ती या डाव्या स्क्रूला. काळी उजवीकडे. हिरवी मधे, टाकीच्या अंगाला. अंगात वीज उतरलीच तर हिरवी तिला जमिनीत घेऊन जाते. कळलं?"

"मी एका पुस्तकात वेगळं वाचलंय."

"पुस्तकं तुम्ही वाचा, तारा माझ्यावर सोडा. वीज मला बावीस वर्षं ओळखते, तरी संधी मिळाली की चावतेच. तुम्हाला तर ती ओळखतही नाही."

स्वयंपाकघरातून वहिनी हसल्या. मानेला मलम लावलेलं होतं, तरी हसल्या. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढीशी थट्टा, पण मी नापास झालो होतो.

झाकण लावून त्याने हात पुसले. "हिरवी तार खाली जिन्यात जमिनीच्या तारेला जोडायची राहिलीय. तिथला क्लॅम्प गंजून गेलाय, नवा घेऊन येतो. सहाला येईन, सगळं तपासेन आणि मीच सुरू करून देईन. तोवर या बटणाला कोणीही हात लावायचा नाही. वहिनी, ऐकलंत ना?" बटणावर त्याने काळी चिकटपट्टी आडवी-उभी लावली आणि शिट्टी वाजवत जिना उतरला.

तो गेल्यावर मी माझ्या खोलीत जाऊन ते पुस्तक काढलं. घरगुती विजेच्या कामाचं जुनं पुस्तक, दुसऱ्या देशातलं, भाषांतरित. आमच्या छापखान्यात त्याची नवी आवृत्ती निघाली तेव्हा मुद्रितं मीच तपासली होती आणि तिची एक प्रत घरी आणली होती. आत एक रंगीत चित्रपान होतं. त्यात लाल तार स्पष्ट दाखवलेली: जमिनीची, संरक्षक. मी ते पान तीनदा तपासलं होतं. माझ्या हातून गेलेलं पान चुकीचं असेल, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. आलं ते वेगळंच. टेस्टर चुकला आहे. संध्याकाळी सगळ्यांसमोर तो बटण दाबेल आणि कोणाचा तरी जीव जाईल.

सहाला तो आला की त्याला सांगायचं, हा साधा मार्ग होता. मी मनात वाक्यं जुळवली. प्रत्येक वाक्यावर तो हसताना दिसला. सासरी, म्हणाला होता. शेवटी मी तेच केलं जे रोज करायचो. त्याची चूक गुपचूप दुरुस्त करायची. त्याला कळणारही नाही.

वहिनी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेल्या होत्या. मी जिन्यातला मेन स्विच पाडला. स्टुलावर चढलो. झाकणाचे चार स्क्रू उघडले. काम मी नीट केलं, त्याचा मला अभिमान वाटला, हे लपवून उपयोग नाही. लाल तार सोडवून टाकीच्या अंगाला लावली, हिरवी लालच्या जागी, डाव्या स्क्रूला. स्क्रू घट्ट पिळले. मेन स्विच परत चढवला आणि खोलीत येऊन वाचत बसलो.

दादा साडेपाचला आला. त्या दिवशी कारखान्यात कोणाशी तरी वाजलं होतं. दारातूनच कळलं, कान लाल होते.

"झालं का बसवून?"

"झालंय," वहिनी म्हणाल्या. "पण सुरू करायचं नाही. टेस्टर सहाला येतोय, खालची तार जोडून—"

"माझ्या घरात बटण दाबायला मी त्याची परवानगी घेऊ?"

"तो म्हणाला, बटणाला हात लावायचा नाही."

"तो म्हणाला!" दादाने चिकटपट्टी ओरबाडून काढली, गोळा करून जमिनीवर टाकली आणि बटण दाबलं. टाकीवरचा लहान दिवा लागला नाही. "बघ, दिवा नाही लागत. फुकट गेलं सगळं. जा, बघ तिकडे. टाकी नीट बसलीय का, दाबून बघ."

वहिनींनी नुकतीच भांडी घासली होती. हात ओले, पाय ओले. त्या न्हाणीघरात गेल्या. एक हात त्यांनी टाकीवर ठेवला.

आवाज आला नाही. एखादी तार ताणावी तसं त्यांचं सगळं अंग ताणलं गेलं. तोंड उघडं, पण त्यातून फक्त घुरघुर. दुसरा हात आपोआप उडाला आणि पितळी नळावर गच्च बसला. बोटं नळाभोवती आवळत गेली, पांढरी पडली. डोळे पांढरे. फरशीवर त्यांचे पाय थडथड वाजत होते. मग वास आला, कातडी जळल्याचा.

"अगं—" म्हणून दादाने त्यांचा दंड धरला आणि त्या झटक्याने तोच मागे फेकला गेला. पाठ दाराच्या चौकटीवर आदळली. तो फरशीवर बसून माझ्याकडे बघत होता, आणि मी दारात उभा होतो. लाकडाचा दांडका मागे होता, मेन स्विच पाच पावलांवर होता. हे सगळं मला ठाऊक होतं. पुस्तकात सगळं लिहिलेलं असतं. पण माझे पाय हलले नाहीत.

जिन्यात शिट्टी ऐकू आली, आणि ती मधेच तुटली. टेस्टर धावत आत घुसला. हातातली पिशवी टाकली, कोपऱ्यातलं लाकडी स्टूल उचललं आणि वहिनींच्या कोपराखाली जीव खाऊन मारलं. एकदा. दुसऱ्यांदा. हात नळावरून सुटला. त्या कोसळल्या, डोकं मोरीच्या कडेवर आपटलं, रक्ताची धार फरशीवर आली. तो बाहेर धावला, मेन स्विच पाडून परत आला. गुडघ्यांवर बसून त्यांच्या छातीवर दोन्ही हातांनी दाबू लागला. तोंडाने मोजत होता. "या, वहिनी, परत या, परत या." बऱ्याच वेळाने त्या खोकल्या. ओकल्या. श्वास घेतला.

टेस्टर मागे सरून भिंतीला टेकला. घामाने ओलाचिंब. मग स्टुलावर चढला, झाकण उघडलं आणि तसाच थांबला.

"ही लाल मी इथे लावलेली नाही."

दादा उठला. "काय म्हणालास?"

"ही अंगाला लावलीय. ही मी डावीकडे लावली होती. देवाशपथ सांगतो. कोणीतरी उघडलंय हे."

"कोणी? भुताने?"

टेस्टर स्टुलावरून उतरला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला तेव्हा कळलं, असं मला अजूनही वाटतं. पण त्याने आरोप केला नाही. त्याने विचारलं. "भाऊ, तुम्ही घरी होतात. मी गेल्यावर याला कोणी हात लावला का?"

दादाही माझ्याकडे वळला. टेस्टरच्या पिशवीतून पाइप आवळायचा मोठा पान्हा बाहेर आला होता, तो दादाच्या हातात होता. कान काळपट लाल. मी तो पान्हा पाहिला. माझ्या डोक्यावर, माझ्या दातांवर पडलेला पाहिला. आणि मी माझ्या नेहमीच्या, छापील भाषेत बोललो.

"माझ्या माहितीप्रमाणे, नाही."

पहिला फटका खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला लाकूड मोडल्यासारखा वाटला. टेस्टर ओरडला नाही, आश्चर्याने "अरे!" एवढंच म्हणाला. दुसरा बरगड्यांवर. तो वाकला तेव्हा दादाने गुडघा त्याच्या तोंडावर घातला, नाकातून रक्त भळकन आलं, दोन दात फरशीवर पडले आणि पाण्याबरोबर मोरीकडे वाहत गेले.

"बायको मारतोस माझी? माझी बायको?"

"साहेब, मी वाचवलं तिला..."

"तुझ्या हाताने! याच हाताने लावलीस ना?"

त्याने टेस्टरचा उजवा हात मनगटापाशी धरला, न्हाणीघराच्या लोखंडी दाराच्या बिजागरीच्या फटीत घातला आणि दार खांद्याने रेटलं. मी बोटं मोडताना ऐकली. एकेक. मग दादाने दार उघडून पुन्हा रेटलं. आता टेस्टर ओरडला. तसं ओरडणं मी आधी कधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. जिन्यात शेजारी जमले. कोणीतरी विचारलं, काय झालं. "याने माझ्या बायकोला शॉक देऊन मारलं असतं," दादा म्हणाला, आणि मग शेजारीही आत शिरले. तोवर शांत, चांगली असलेली माणसं. एकाच्या पायात जाड तळाचे बूट होते. त्यांनी त्याला जिन्यावरून खाली ढकललं, पायरी पायरीने, आणि प्रत्येक वळणावर कोणी ना कोणी लाथ घातली. वहिनी फरशीवर पडल्या पडल्या उघड्या डोळ्यांनी बघत होत्या. मी दारात उभाच.

दादाने फेकलेला चिकटपट्टीचा गोळा तिथेच पडला होता. फटके मारताना दादा एकदाही त्या गोळ्याकडे बघत नव्हता. त्यालाही माहीत होतं, बटण कोणी दाबलं ते. तेवढ्यामुळे हात अधिक जड पडत होता, हे आता मला दिसतं. तेव्हा मी फक्त मोजत होतो, कधी थांबेल.

टेस्टर वाचला. महिनाभर इस्पितळात होता. परवाना गेला, काम गेलं, मग ते कुटुंब दुसरीकडे गेलं, एवढं कानावर आलं. दुसऱ्या वायरमनने येऊन तारा बदलल्या आणि पुढे कित्येक वर्षं त्याच टाकीतलं गरम पाणी आम्ही अंगावर घेतलं.

त्या आठवड्यात मी पुस्तक पुन्हा उघडलं. चित्रपानाच्या खाली, बारीक टायपात, एक टीप होती: रंग मूळ देशातल्या जुन्या पद्धतीप्रमाणे आहेत, वापरण्यापूर्वी आपल्याकडच्या पद्धतीशी ताडून पाहावेत. 'वापरण्यापूर्वी'च्या आधीचा स्वल्पविराम मीच घातलेला होता. मी तो स्वल्पविराम तपासला होता. वाक्य वाचलं नव्हतं.

दादा मागच्या थंडीत गेला. हृदय. शेवटची दोन वर्षं वहिनींच्या हाताने जेवायचा. मला वाटलं होतं, तो गेला की मी त्या पत्राला उत्तर देईन, कारण इतकी वर्षं मला त्याची भीती होती. तो गेला आणि मी उत्तर दिलं नाही. रोज बसायचो. दोन ओळी लिहायचो, त्यातला एखादा शब्द खटकायचा, तो बदलायचो, मग ओळच खोटी वाटायची, कागद फाडायचो. दादा नव्हता तरी तो पान्हा दिसत होता. मग कळलं, त्या पान्ह्याआड मी स्वतःलाच लपवत होतो.

गेल्या महिन्यात वहिनी खोली झाडत होत्या. जाड पुस्तक कपाटावरून पडलं आणि पत्र बाहेर आलं. त्यांनी ते उभ्या उभ्या वाचलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. मी खुर्चीत बसलो होतो. पळून जाण्याइतकं अंगात बळ नव्हतं.

"सहा वर्षं झाली भावोजी याला," त्या म्हणाल्या. तारीख बघितली होती.

"हो."

"या पोरीच्या चुका कशाला काढल्यात?"

मी पत्रासाठी हात पुढे केला. त्यांनी ते दिलं नाही.

"मी तुम्हाला बघितलं होतं," त्या म्हणाल्या. "गच्चीवरून चिमट्यांची पिशवी न्यायला खाली आले होते. स्टुलावर उभे होतात. हातात स्क्रू ड्रायव्हर. मला वाटलं, पुसताय काहीतरी. नंतर कळलं."

मी विचारलं, "मग तुम्ही बोललात का नाही? तेव्हा?"

त्या पलंगावर बसल्या. जळलेल्या हाताची बोटं अजूनही पुरती उघडत नाहीत, ती त्यांनी मांडीवर ठेवली.

"फरशीवर पडले होते, शब्द फुटत नव्हता, हे खरं. पण दुसऱ्या दिवशी फुटत होता. तिसऱ्या दिवशीही. खरं सांगू? त्या दिवशी तुमच्या भावाचा हात कोणावर तरी पडणारच होता. घरात शिरला तेव्हाच कळलं होतं. रोज माझ्यावर पडायचा. त्या दिवशी दुसऱ्यावर पडला, आणि मला... मला बरं वाटलं. रक्त बघत होते मी त्या माणसाचं आणि मला बरं वाटत होतं. ज्याने माझ्या छातीवर दाबून मला परत आणलं, त्याचं." त्यांनी पत्राची घडी घातली. "आणि त्यानंतर तुमच्या भावाने माझ्यावर हात टाकला नाही. एकदाही नाही. घाबरला होता स्वतःलाच. मी म्हटलं, मिळाली शांती, कशाला उकरायचं. कोणाच्या बोटांवर मिळाली, ते रोज माहीत होतं. गरम पाणी अंगावर घेताना रोज."

मी विचारलं, "आता काय करायचं?"

"माझं मी लिहीन. तुमचं तुम्ही लिहा. माझ्याआड लपू नका आता, भावोजी. लपायला एक माणूस कमी झालाय घरातला."

हे त्या रागाने बोलल्या नाहीत. पण इतकी वर्षं ज्यांनी मला एक शब्द उलट बोलला नव्हता, त्यांच्या तोंडून ते पान्ह्यासारखंच बसलं.

मी त्याच टेबलावर लिहायला बसलो. या वेळी पेन्सिल घेतली नाही, शाईचं पेन घेतलं, म्हणजे खोडता येऊ नये. पत्र सहा ओळींचं झालं. 'तुमच्या वडिलांनी तारा बरोबर लावल्या होत्या. ते गेल्यावर मी झाकण उघडून लाल आणि हिरवी तार उलटी केली. एका पुस्तकातलं चित्र बघून. नंतर त्यांनी मला विचारलं तेव्हा मी खोटं बोललो, मला मार बसेल म्हणून. त्यांनी माझ्या वहिनीचा जीव वाचवला. माझ्यामुळे त्यांचा हात गेला. तुम्ही विचारलंत त्याला सहा वर्षं झाली, तीही मी त्यांच्याकडून घेतली.' शेवटी 'क्षमा करा' असं लिहावंसं वाटलं. लिहिलं नाही. त्यांच्याकडून आणखी काही मागायचा मला हक्क नव्हता.

वाचताना 'उलटी' हा शब्द चुकलेला दिसला, तिथे 'उलट्या' हवा होता. तसाच ठेवला.

वहिनींनी त्यांचा कागद घडी करून दिला. "वाचू नका," म्हणाल्या. मी वाचला नाही. दोन्ही एकाच पाकिटात घातले.

टपाल कार्यालयात खिडकीपाशी रांग होती. माझी पाळी आली तेव्हा आतल्या बाईने पाकीट तोललं, तिकिटं लावली, उलटं केलं आणि परत सरकवलं.

"मागे पाठवणाऱ्याचा पत्ता नाही, आजोबा."

मी पत्ता टाकलाच नव्हता. विसरलो, असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. विसरलो नव्हतो. दादा गेल्यावर ते जुनं घर आम्ही सोडलं होतं, त्यामुळे नवा पत्ता नसला तर तिला मी सापडणार नव्हतो. ती आमच्या दारात येणार नव्हती, शेजाऱ्यांसमोर काही बोलणार नव्हती, पोलिसांत गेली तरी कागदावर माझं ठिकाण नसणार होतं. पाकीट चिकटवताना हे सगळं मी मनाशी नीट तपासलं होतं.

"पत्ता नसला तरी चालतो ना?" मी विचारलं.

"चालतं तसं. पण पत्र पोचलं नाही तर परत कोणाकडे येणार? तिथे कोणी राहत नसेल तर? मरून बिरून गेलं असेल कोणी?" ती सहज म्हणाली. मागचा माणूस चुळबुळला. "आजोबा, लवकर ठरवा."

टेस्टर अजून आहे की नाही, मला माहीत नव्हतं. डाव्या हाताने अजून तारा काढत असेल, किंवा नसेल. पत्र परत आलं तर ते माझ्याकडेच यायला हवं होतं. तो नसल्याची बातमीही माझ्यापर्यंत पोचायला हवी होती.

"पेन देता का?"

खिडकीच्या कडेवर पाकीट ठेवून मी मागे पूर्ण पत्ता लिहिला. नाव, मजला, घराचा क्रमांक, गल्ली. अक्षर कोणालाही वाचता येईल असं होतं. मग बाजूला जाऊन पाकीट पेटीत टाकलं.